उशाखालचा खडा

अर्सुक, ३ ऑक्टोबर १९९७

चि. बिबियाने हिस एनोकदादाचे अनेक आशीर्वाद.

काल इक्काच्या खाडीत गळाला कॉड माशाऐवजी काचेसारखा पांढरा, सुळ्यासारखा खडा लागला. माझ्या अकराव्या वर्षी असल्याच खड्याचा तुकडा मी गंमत म्हणून तुझ्या उशाखाली ठेवला होता. सकाळी तुकडा गायब, गादी ओली आणि आईचा धपाटा तुला. मीच पाणी ओतलं असं तू चौसष्ट वर्षं म्हणतेस, आणि त्यापायी माझ्या घरची कॉफी कधी घेतली नाहीस. तुकडा तूच लपवलास अशी माझी समजूत. शाळेत पाठ केलेली कविता अजून ओठांवर आहे, बर्फा, तुझ्या पोटी किती दिवे. तो दिवा आता डोळ्यांनी बघ. लोकरी मोज्यात गुंडाळून पेटीतून पाठवतोय, आणि बोटीवर पेटी स्टोव्हजवळ ठेवायला सांगितलीय.

चोवीस नोव्हेंबरला माझी पंचाहत्तरी. केक सात असतील, पण तू नसलीस तर घास उतरायचा नाही. लोभ आटला असेल तर थोडा उसना आण.

तुझा दादा


नूक, १९ ऑक्टोबर

ती. एनोकदादास बिबियानेचा नमस्कार, रागासकट.

पेटीत ओला मोजा आणि चुन्याची पेज निघाली. म्हटलं, म्हातारा झाला तरी खोड जात नाही. सातही केक तूच खा, असं लिहायला बसले होते. तेवढ्यात नात पिपालुक आली. ती दगडांचं शिकते. मोज्यात बोट घालून हसत सुटली. म्हणाली, आजी, हा खडा थंडीतच खडा असतो. ऊब लागली की पाणी नि चुना. उबेत टिकवायचा तर डोंगराएवढा दाब हवा. मी विचारलं, आणि उशाखाली? म्हणाली, सकाळपर्यंत पाणी.

मग आठवलं, दादा. त्या दिवशी चादरीवर पांढरी पूडही होती. हे पीठ कुठलं म्हणून आईने झटकून टाकली.

येते. पण बिबियानेने गादी ओली केली नव्हती, हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. कविता नको. पिपालुक म्हणते, माझ्या रागाच्या दाबाखाली तू इतकी वर्षं टिकलास. आता दाब काढतेय, विरघळू नकोस.

तुझी, अजून पुरती न निवळलेली,
बिबी


अर्सुक, २८ नोव्हेंबर

चि. बिबीस आशीर्वाद, हात राखून.

सांगताना मी रडलो, आणि बघा विरघळला असं तू सगळ्यांना म्हणालीस, ते सोडून दिलं. पण तू बोटीत बसलीस त्याच दिवशी दुपारी झोपून उठलो तर माझी गादी ओली. सुनेने प्लास्टिकची चादर आणून घातली. मी निरखून पाहिलं. पांढरी पूड नव्हती. म्हणजे तू साधा बर्फ ठेवलास.

यापुढे चौसष्ट वर्षं तुझ्या घरची कॉफी घेणार नाही. तोवर सांभाळून राहा.

दादा