डब्यातला आरोपी

ती. द्वारकाताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे बाबूचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे बरे असावेत, केळीला पाणी मिळत असावं, आणि कुंपणापलीकडच्या नव्या इमारतीने अजून तुझं ऊन खाल्लं नसावं. हे पत्र आणि सोबतचा स्टीलचा डबा संध्याकाळी कल्पेश घेऊन येईल. तुझा मुलगा म्हणून सांगतो, वाटेत डबा उघडू नकोस असं मी त्याला बजावलं आहे, तरी तो उघडेल. तू मात्र आधी पत्र वाच. (फोनच केला असता, पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू "मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि या प्रकरणात मुद्दा जरा उशिराने येतो.)

डब्यात एक आरोपी आहे. जिवंत आहे. त्याचं कालवण करू नये.

आमच्या रुचिताने वाढदिवसाला हट्टाने मिळवलेली खाऱ्या पाण्याची काचेची पेटी तू पाहिली आहेस. तिच्यात रामू आणि शकू, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. नात सुट्टीत आईबरोबर साताऱ्याला गेली ती "आजोबा, दोघांना सांभाळा" असं बजावून. गेल्या शनिवारी सकाळी पाहतो तर रामू एकटा. काटा नाही, खवला नाही, काही नाही. रुचिता रविवारी परत येते आहे. या बारा वर्षांच्या मुलीने आजवर माझं एकही भाषण मध्येच सोडलेलं नाही, हे लक्षात घे. असा श्रोता मला गमवायचा नाही.

पण मी हातपाय गाळणारा माणूस नाही. ज्याने वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी चाळीस वर्षं सभा गाजवल्या, त्याला एक पेटी उलगडत नाही म्हणजे काय? वाचनालयातून समुद्री जीवांवरचे तीन जाडजूड ग्रंथ आणले. दोन रात्रीत संपवले. मग संशय घेतला तो दगडावर. फुलपाड्याच्या एका दुकानातून रुचिताने 'जिवंत दगड' आणला होता. जिवंत म्हणजे समुद्रातला, भोकाभोकांचा. आत कोण राहतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी दगडाला भिंग लावलं, आणि तीन बिनबोलावलेले पाहुणे निघाले. (उपरे! आमच्याच घरात! पुढचं तुला पाठ आहे, म्हणून लिहीत नाही.)

पहिली नखाएवढी चांदणी. तिचं तोंड पोटाखाली, मासा धरणं तिच्या बापाला जमणार नाही, सोडली. दुसरा गुलाबी केसाळ किडा. त्याला उचललं तेव्हा त्याचे केस माझ्या बोटांत घुसले आणि मी त्याला जागीच दोषी ठरवलं. पण तिन्ही ग्रंथ म्हणतात की तो उष्टंखरकटं खाऊन सफाई करतो. मी त्याची माफी मागितली. उरला तिसरा. लिंबाएवढी चिंबोरी, पायांवर काळी लव, नजर खाली. बाजू मांडायची संधी मी तिलाही दिली. रोज सकाळी उघड्या पेटीसमोर उभा राहून यजमानांच्या हक्कांवर बोललो. दुसऱ्या मुद्द्यालाच ती भोकात शिरायची. निर्दोष प्राणी असा पळत नाही. (जयवंतीचं म्हणणं, "मला जर भोक मिळालं असतं तर मीपण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिरले असते.") तुला फोटो पाठवला, तर तुझं उत्तर आलं, "अरे बाबू, तो पान्यातला जीव हाय, तुझा विरोधी पक्ष नाय. नि केवढासा हाय, दाढंलापन पुरनार नाय." हे उत्तर मी गंभीरपणे घेतलेलं नाही.

आज तिला पकडली. ग्रंथांतली एकही युक्ती चालली नाही. शेवटी लहानपणी उमेळ्याच्या खाजणात तू शिकवलेलंच केलं: दोऱ्याला सुक्या बोंबलाचा तुकडा, आणि तोंड बंद. (तोंड बंद ठेवणं तेव्हाही मला अवघड गेलं होतं.) आता तू फक्त तिचे नांगे बघ आणि मासेखाऊ आहे की नाही ते सांग. निकाल मी आधीच दिला आहे. तुझी सही हवी.

तुझा,
बाबू
एव्हरशाईन सिटी, शुक्रवार

ता. क. कल्पेश अजून आलेला नाही, म्हणून लिहितो. जयवंतीने आत्ता पेटीमागे झाडू घातला आणि ओरडली, "हे सुकट इथे कोणी टाकलं?" मी म्हटलं, आमिषाचा तुकडा असेल. त्या तुकड्यावर पांढरे पट्टे होते.

दुसरा ता. क. झाकण मी रुचिता गेली त्या दिवसापासून, रामू-शकूला भाषण नीट ऐकू जावं म्हणून, सोफ्यावर उलटं ठेवलं होतं. आज सुलटं केलं. वरच्या बाजूला रुचिताच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे: "आजोबा, शकू उडी मारते. भाषण करताना झाकण लावा." तीन ग्रंथ वाचले, ताई. हे वाचलं नाही.

तिसरा. चिंबोरीला परत दगडावर सोडलं आहे. ती बाहेर येऊन बसली आहे, आणि मी काही बोललेलो नाही.

शेवटचा. डबा तरीही पाठवतो आहे, आता आत शकू आहे. आमच्या इथे खाली सगळ्या फरशाच आहेत. रविवारी रुचिताला घेऊन तुझ्याकडेच येतो. केळीखाली जागा करून ठेव, आणि तिला काय झालं ते तू सांग, मला सांगता येणार नाही. तोवर डबा उंचावर ठेव, मांजर पोचणार नाही असा. आणि ताई, हात जोडतो, ते सुकट नाही.