येसराची बरणी, ग्रॅममध्ये

२ नोव्हेंबर, सकाळी ७
विशाखाच्या येसराचं माप ग्रॅममध्ये काढायचं. अपूर्वा लातूरहून आईच्या वर्षश्राद्धाला येणार, २३ला. फोनवर म्हणाली, पप्पा, बाकी काही नको, फक्त आईच्या येसराची आमटी. म्हणालो, आईनं भाजून-दळून केलेलं बरणीभर आहे, शिवाय तुला न्यायला मी नवीन करतो. तीस वर्षं नववीला घनता शिकवली. दोन दिवसांचं काम.
बरणी येसरासकट ७६० ग्रॅम. रिकामीचं वजन शेवटी घेऊ. हिला हात लावायचा नाही. तुलनेपुरता चमचा.

५ नोव्हेंबर
विशाखाच्या वहीत: धने शीग लावून चार वाट्या, ज्वारी एक, हरभऱ्याची डाळ एक, मिरच्या आपल्या मुठीनं दोन. ह्याला काय माप म्हणायचं? सपाट वाटी धने ४८ ग्रॅम. शीग लावून ६१, दुसऱ्यांदा ६६. ओट्याखाली धनेच धने. मिरच्यांची मूठ २६.
भाजलं, दळलं, आमटी केली. ठसका. तुलनेसाठी मूळ येसराची वाटीभर केली. तीच जेवलो. बरणी ७१०.

९ नोव्हेंबर
दुसरी खेपही तिखट. काटा बिघडला असणार. सेल बदलले. मूठ २६च.
मूळ आमटी दोन्ही वेळा. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. बरणी ५९०.

११ नोव्हेंबर
भांडी घासता घासता तारामती म्हणाली, सर, आपल्या मुठीनं म्हंजे बाईच्या मुठीनं. लई बारीक हात व्हता त्यांचा. तिला सांगितलं, असं शास्त्रात नसतं.
विशाखाची बांगडी सव्वादोनची. त्यावरून मुठीचं घनफळ निघतं का बघितलं. नाही निघत. वही बंद केली. दिवसभर तो हात आठवत राहिलो, नीट आठवला नाही.

१६ नोव्हेंबर
चौथी खेप. कडू. धने करपले. लक्ष नव्हतं.
एकदा तिला म्हणालो होतो, मूठ हे एकक नाही. ती म्हणाली होती, आमटी तर होते ना. तेव्हा मला हे उत्तर अशास्त्रीय वाटलं होतं.
बरणी ४५५. अपूर्वापुरतं आहे.

२१ नोव्हेंबर, सकाळी
बरणी ३७०. आजपासून मूळ येसर बंद म्हणजे बंद.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी
तळाला राहिलेलं थोडंच होतं. वास उडाला असता. भाताबरोबर संपवलं. रडू आलं. ठसका म्हणता येणार नाही, तिची आमटी तिखट नसायची.

२३ नोव्हेंबर, सकाळी ६
हिशेब अर्धवट नको. बरणी गरम पाण्यानं, साबणानं घासली. दोनदा. पुसून काट्यावर ठेवली. ३४८. म्हणजे येसर ४१२ ग्रॅम होतं. एवढा आकडा तरी पक्का निघाला.

२३ नोव्हेंबर, दुपारी
अपूर्वा आली. माझ्या येसराची आमटी वाढली. छान झालीय म्हणाली आणि तांब्याभर पाणी प्यायली. मग कपाटातली बरणी तिनं पाहिली. संपलं, असं सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, असू द्या पप्पा, रिकामीच नेते. आठवण आली की झाकण उघडून वास घेईन.
लगेच उघडलं. नाक लावून बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, पप्पा, साबणाचा वास येतोय.
मी तिला सांगितलं, रिकामी बरणी ३४८ ग्रॅम.