लायनिंगमधली चीर

अण्णा,

काल मी एका मुलीला रडवलं आणि आज सकाळी तिच्याच आईने मला बेळगावचा कुंदा भरवला. आमच्या फ्लाइंग स्कूलमधली ही मुलगी काल पहिल्यांदा एकटीने विमान उडवणार होती. ते बघायला आईवडील मुद्दाम बेळगावहून आलेले, आणि संध्याकाळी यशवंतपूर स्टेशनवरून त्यांची परतीची गाडी. विमान कसलं, दोन माणसांचं खेळणं. पण उतरल्यावर थांबायला ब्रेक लागतोच, आणि त्याचे पॅड पार झिजले होते. सकाळीच मी चाकापाशी बसकण मारली, पॅडवरची जुनी लायनिंग, म्हणजे घासून झिजणारा थर, काढली आणि नवी लायनिंग रिव्हेट ठोकून लोखंडी पट्टीवर बसवली. शेवटच्या रिव्हेटवर हातोडी जरा जोरात पडली आणि लायनिंगला भोकाच्या कडेला केसाएवढी चीर गेली.

एकदा चाकावर चढवली की ती कुणालाच दिसली नसती. पण कागदावर सही माझी, आणि विमानात ती पोर एकटी. स्टोअरमध्ये दुसरी जोडी नव्हती, यायला दुपार उलटणार होती. मी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "आज नाही जमणार." मुलगी जवळ आली. "अक्का, स्वल्प ॲडजस्ट करा की. एकच तर चक्कर मारायची आहे." 'स्वल्प ॲडजस्ट', थोडं सांभाळून घ्या, हे अख्खं गाव या दोन शब्दांवर चालतं; तुम्हीही बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथ्याला बसवून घ्यायचात. मी म्हटलं, "बसमध्ये करू गं ॲडजस्ट, चाकात नाही." वाक्य तुमचंच, पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते माझ्याजवळ आहे हे मला ठाऊक नव्हतं. तिचे डोळे भरून आले. वडिलांनी घड्याळ पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. "राहतो की एक दिवस. त्यात काय!"

दुपार उलटल्यावर नवी जोडी आली, बसवली, विमान जमिनीवरच पळवून चारदा ब्रेक दाबून पाहिला, तोवर संध्याकाळ झाली. आज सकाळी पोर उडाली, उतरली, आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबली. मला फार बरं वाटलं, अण्णा. दिवसभर उगाच गुणगुणत होते.

तरी सगळे शाबासकी देत होते तेव्हा मला खाली बघावंसं वाटलं. मी तुमच्या हाताखाली शिकत होते तेव्हा मी तपासून पुढे पाठवलेल्या लायनिंगमधल्या अशाच एका चिरेवरून तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलं होतंत. "ही दिसली नाही तुला?" मी मान खाली घालून म्हटलं, "नाही दिसली." तुम्ही हातातली पट्टी खाली ठेवून माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहिलंत. रविवारी मला चिकपेटच्या चष्मेवाल्याकडे घेऊन गेलात. मी सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचते आहे, तो म्हणतो आहे, "नंबर एनू इल्ला सार," नंबर काहीच नाही, आणि तुमचा चेहरा उजळतो आहे. पोरीची नजर शाबूत म्हणून तुम्ही मला मसाला डोसा खाऊ घातलात. सोमवारी मी कामाला आले तर माझ्या टेबलावर नवा दिवा लावलेला. "उजेडच कमी पडत असेल गं तुला," म्हणालात.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून सांगून टाकते. उजेड भरपूर होता. मला ती चीर दिसली होती. मैत्रिणी फाटकाशी थांबल्या होत्या आणि मला सिनेमा चुकवायचा नव्हता.