पांढरं मुंगूस

नेरळ, ५ डिसेंबर १९६८
गणपत माळी सकाळीच पेटी घेऊन दारात. बंगल्यातले साहेब कायमचे विलायतेला गेले, जनावर याच्या गळ्यात. पांढरं, लांबुडकं, डोळे गुंजेसारखे लाल. "दादा, ह्ये मुंगूसच हाय ना?" चष्मा शोधत बसलो नाही. "मुंगूसच. केस पिकले म्हणून जात बदलत नाही रे." उग्र वास होता. गणपत आंघोळ करत नसावा.

७ डिसें.
आळी येडी झालीय. मुंगूस दिसणं शुभ, त्यात हे पांढरं! बायका पेटीपुढे वाकून त्याला रामाची शपथ घालतात, "तोंड दाखव रं." ते ढाराढूर. दिवसभर झोपतं. मुंगूस दिवसा झोपत नाही. साहेबाने आळशी केलं असणार. दुसरं काय?

९ डिसें.
कर्जतचं वाचनालय. प्राणिकोश मागितला तर ग्रंथपाल म्हणतो, "इंग्रजी आहे हो." म्हटलं, मलाही दिसतंय. सातवी पास माणसाला हे लोक अक्षरशत्रू समजतात. डिक्शनरी घेऊन दोन पानं फोडली.
फेरेट! युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी जनावराचा वंश. फार पूर्वी माणसाने धरून पाळलं, सशांच्या बिळात घुसवायला. आता रानात याचं घर नाही. घर म्हणजे पेटी, गवत नि खाऊ घालणारा हात. वासही त्याचाच.
कुणाला सांगायची गरज नाही. अडाण्यांना नावाने काय फरक पडतो?

१० डिसें.
पडला. गणपतच्या पेंढ्याच्या उडवीत नाग दिसलाय, त्याच्यावर हे सोडायचं ठरलं. धावत गेलो. "अरे, ते मुंगूस नाही! नाग त्याला संपवेल."
"तुमीच बोलला ना, दादा?"
"चुकलो."
त्याची बायको फिस्सकन हसली. "दादा चुकलं? मग नागबी खोटाच म्हना की."
पेटी रिकामी होती. सकाळीच सोडलेलं.

१२ डिसें.
उडवी गप्प. नाग दिसत नाही, तेही नाही. पेटीत ताजं गवत घालून उडवीपाशी ठेवली, वर एक अंडं. फेरेट, फेरेट म्हणून हाका मारल्या. विलायती जनावर, पण ढिम्म.
गणपतची बायको पाण्याला गेली. आजूबाजूला पाहिलं, गुडघे टेकले नि रामाची शपथ घातली. मी!
पेंढा हलला. वारा नव्हता.