एक वैरी निवडा म्हणे!

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

बीपी एकशे सत्तर! डॉक्टर म्हणतात, "शुभदाताई, गोळी वाढवून देतो, पण चिडणं कमी करा." फी घेऊन हे ज्ञान! कॉलेजच्या ऑफिसात मी अधीक्षक, समोर तीन क्लार्क, तिघंही एकापेक्षा एक ढ. चिडू नको तर काय त्यांना ओवाळू?

घरी सांगितलं तर ह्यांनी लगेच शोकेसकडे बोट केलं. तिथे ह्यांनी मोबाइलवरून मागवलेला बुद्ध आहे, नुसतं डोकं. "पाह्य, कसा शांत आहे. तसं राहावं माणसानं." म्हटलं, वामनराव, त्या डोक्याला ना ऑफिस ना स्वयंपाक. दिवाळीपासून धूळ तर पुसली नाही त्याची, आणि मला शांती शिकवून राह्यले!

४ नोव्हेंबर

गुंजन आज जेवताना आपणहून बोलली. नागपूरची नोकरी सोडून आली त्याला अकरा दिवस झाले, तेव्हापासून हे पहिलंच वाक्य. "विहारात पुंडलिकराव सर ध्यान शिकवतात. महिनाभर, रोज संध्याकाळी. माझ्यासोबत चल."

विहारात! आपण! गल्लीतले काय म्हणतील? तोंडाशी आलं होतं, पण गिळलं. चार वर्षं झाली, पोरगी मला विचारलं तेवढंच उत्तर देते. तीस तारखेला पुण्याला जाईल, नवी नोकरी. मग फोनवर "हो" आणि "नाही" एवढंच. जाण्याआधी ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलावी, बस, एवढंच पाहिजे मला. या वहीशी कायले खोटं बोलू? "माझ्यासोबत" म्हणाली म्हणून हो म्हटलं. बीपी गेलं खड्ड्यात.

६ नोव्हेंबर

पहिला दिवस. फरशीवर सतरंजी, माझ्या गुडघ्यांचं वाटोळं. दहा-बारा बाया, चार म्हातारे. आणि आमच्या डॉक्टरांची बायको भैरवी, स्वतःची गुलाबी चटई घेऊन आलेली! जशी काही हिच्या बुडाखालीच शांती उगवणार आहे.

पुंडलिकराव झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. पांढरा सदरा, आवाज मात्र अजून चौथीच्या वर्गाचा. "श्वास येऊन राह्यला, जाऊन राह्यला. तुम्ही काही करू नका. निस्ते पाहा." छप्पन वर्षं येऊन-जाऊन राह्यलाच आहे की! मी पाहिलं नाही म्हणून थांबला होता का?

शेवटी चहा आला. मी म्हटलं, मला चहा चालत नाही. गुंजननं माझ्याकडे पाहिलं. घरी मी दिवसाला चार कप पिते, हे तिला ठाऊक नाही होय! तिनं माझा कप उचलला आणि तोही पिऊन टाकला.

९ नोव्हेंबर, रविवार

भैरवीबाई वर्गात सांगत होत्या, "मी ना, आजकाल पोळी लाटताना फक्त पोळीच लाटते. मनात दुसरं काहीच नाही." हिच्याकडे स्वयंपाकाला बाई येते हे अख्ख्या दिग्रसला माहीत आहे. तरी आज करून पाहिलं. फक्त पोळी, फक्त पोळी. तिकडे वरण लागलं, कुकर काळा झाला. हे म्हणतात, "जाऊ दे, अनित्य आहे." कुकर घासायला घ्या म्हटलं, मग कळेल कोण अनित्य ते.

१२ नोव्हेंबर

कंबर गेली. शांतीचा पत्ता नाही.

१४ नोव्हेंबर

आज नवीनच टूम. मैत्रीभावना. डोळे मिटून चार माणसं मनात आणायची. पहिल्या जागी आपण स्वतः. दुसऱ्या जागी जिवाभावाचं कोणी. तिसऱ्या जागी तिऱ्हाईत, म्हणजे ज्याच्याबद्दल प्रेमही नाही अन् रागही नाही असा माणूस. आणि चौथ्या जागी वैरी! चौघांनाही म्हणायचं, सुखी हो, निरोगी हो.

एक वैरी निवडा म्हणे! इथे रांग लागली आहे. प्राचार्य, नणंद, ते तीन क्लार्क, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. शेवटी नणंदेला घेतलं. सुखी हो म्हटलं, पण दात आवळून. घाम फुटला!

तिसरी जागा मात्र रिकामीच. रागही नाही असं माणूस कुठून आणू? दूधवाला पाणी घालतो. एसटीतला कंडक्टर उद्धट. शेवटी विहार झाडणाऱ्या विमलताईंना बसवलं. तर जाताना त्याच माझ्या चपला ओलांडून गेल्या. गेली तीही जागा!

पुंडलिकरावांना सांगितलं. ते हसले. "ताई, लोकाइले चौथा कठीण जाते. तुम्हाले तिसराच सापडून नाही राह्यला."

हसायला काय झालं?

१८ नोव्हेंबर

गुंजन रडली. चौथ्या माणसाच्या वेळी. मी एक डोळा उघडून पाहत होते (सगळ्यांनाच पाहते, कंटाळा येतो). तिच्या गालावरून पाणी चाललेलं, ओठ हलत होते. तीन दिवस झाले, रोज तेव्हाच.

तो नागपूरचा साहेब असणार. मेल्यानं पोरीला इतकं छळलं की नोकरी सोडून यावं लागलं. आणि ही त्याला म्हणते सुखी हो! मी असते तर त्याच्या कानाखाली जाळ काढला असता. रस्त्यात विचारणार होते, पण ती दहा पावलं पुढे चालत होती.

तिचं रडणं पाहिलं आणि ते चार वर्षांपूर्वीचं सगळं वर आलं. नयन. पोरगा वाईट नव्हता. चांगला शिकलेला, नोकरी होती. पण त्या लोकांतला. याच विहारात यायचे ते लोक. मी नाही म्हटलं, गुंजननं ऐकलं नाही. लग्नाच्या रजिस्ट्रेशनची तारीखही घेतली होती दोघांनी. त्या आठवड्यात मी छाती धरून खाली पडले. दवाखाना, सलाईन, रडारड. गुंजननं माझ्या उशाशी बसून त्याला फोन केला, नाही म्हणून सांगितलं.

छातीत काही दुखत नव्हतं. हे मला माहीत आणि आता या वहीला.

त्याचं पुढच्या वर्षी लग्न झालं. मुलगी आहे म्हणे.

२१ नोव्हेंबर

आज वर्गात गुंजन रडली नाही. घरी येताना माझ्या बरोबरीनं चालली!

२४ नोव्हेंबर, सोमवार

काय सांगू, पोरगी पार बदलली. दार आपटणं नाही, फणकारा नाही. सकाळी मला विचारते, "आई, पाणी देऊ का?" गोळी हातात आणून देते. मी भाजीला मीठ जास्त घातलं तर म्हणते, "असू दे, चालतं." काल मी मुद्दाम तिच्या केसांवरून बोलले, किती ते आखूड कापले, पोरासारखे! पूर्वी ताट सोडून उठली असती. काल हसली. "बरं," म्हणाली.

हे म्हणाले, "पाह्यलं? ध्यानाचा गुण." म्हटलं, ध्यानाचा नाही, माझ्या हातच्या जेवणाचा. पण आज विहारात चहा घेतला. साखर फार घालतात.

बीपी एकशे चाळीस.

२७ नोव्हेंबर

ती जाण्याआधी छातीचं सांगून टाकावं का? दुपारभर ऑफिसात हेच डोक्यात. संध्याकाळी ती बॅग भरत होती, मी दारात जाऊन उभी राहिले. तिनं वर पाहिलं. "काही हवं होतं का?" इतक्या गोड आवाजात!

नाही सांगितलं. आता सगळं सुरळीत झालं आहे, कायले उकरायचं?

३० नोव्हेंबर, रविवार

पुण्याची ट्रॅव्हल्स साडेपाचची. तिकीट दाखवायला हे पुढे गेले. दोघीच उभ्या होतो, म्हणून हसत विचारलं, "काय वं, तुझ्या चौथ्या जागेवर नागपूरचा साहेबच होता ना?"

"नाही. तू होतीस."

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी शांत. "घाबरू नको. आठ-दहा दिवस झाले, तुले तिसऱ्या जागेवर आणलं. आता मले काहीच नाही होत."

पाया पडली, गाडीत बसली, खिडकीतून हसून हात केला.

मला वैरीच राहू द्यायचं होतं. तेव्हा निदान रडत तरी होती पोरगी माझ्यासाठी.