आतल्या माणसांना बाहेर काढू नये

मी केसरबाई, वडील कै. सुंदरराव, पती कै. विठ्ठलराव धारूरकर, धंदा डॉक्टरी, राहणार कसबा अंबाजोगाई ऊर्फ मोमिनाबाद, जिल्हा बीड, माझ्या दवाखान्यातल्या खाटेवर पडून हे मृत्युपत्र सांगते आहे. अंगात ताप आहे, पण बुद्धी ठिकाणावर आहे. कुणाला शंका असेल त्याने दारातूनच विचारावे. आत कोण कोण पडले आहे, कुणाला काय पाजायचे आहे, हे मी आत्ता सांगू शकते. घाई एवढ्यासाठी की आज सकाळी माझ्या नखांवर निळा रंग दिसला. या तापाच्या साथीत तो रंग ज्यांच्या नखांवर आणि ओठांवर आला, त्यांतले कुणी माझ्या हातून वाचलेले नाही.

लिहून घेणारा धोंडीराम अर्जनवीस उंबऱ्याबाहेर, तोंडाला फडके बांधून बसला आहे. त्याला आत यायला मीच मना केले आहे. निजाम सरकारच्या अदालतीत उर्दू लागते, तेव्हा याची उर्दू नक्कल तोच करील. पण दोहोंत फरक निघाला तर हे मराठी खरे धरावे.

पहिले आणि सर्वांत मोठे कलम असे. मी मेल्यावर दवाखान्याला कुलूप लावू नये आणि आत पडलेल्या माणसांना बाहेर काढू नये. ओसरीवर, माजघरात, जिथे जागा मिळाली तिथे माणसे निजली आहेत. त्यांतली कित्येक उठून उभी राहू शकत नाहीत. त्यांना पेज आणि पाणी देत राहावे, कपाळावर ओल्या घड्या ठेवाव्यात. या तापावर माझ्याकडे औषध नाही. कुणाकडेच नाही, असे मला वाटते. पण पाणी पाजणारे माणूस जवळ असले तर काही जण उठतात, आणि एकटे पडले तर मरतात, एवढे मी रोज पाहते आहे.

हे लिहून ठेवावे लागते, कारण माझे दीर आप्पाराव केजेहून आले आहेत आणि समोरच्या धर्मशाळेत उतरले आहेत. काल ते रस्त्यापलीकडे उभे राहिले आणि नाकाला उपरणे लावून म्हणाले, "वहिनी, तुम्ही डोळे मिटले की घराचा ताबा आमचा. ही सगळी जात-गोत एके ठिकाणी निजवलीय ती त्याच दिवशी उठवणार." मी म्हणाले, "भावजी, उठवाल कशी? त्यांना उठताच येत नाही." ते म्हणाले, "ते आम्ही पाहू."

म्हणून दुसरे सांगते, की हे घर धारूरकरांचे नाही. माझे लग्न लागले तेव्हा मी परकर नेसत होते. नवरा पटकीने गेला, तेव्हा त्याचा चेहराही मला नीट माहीत नव्हता. केजेच्या घरी माझे केस काढायला आप्पारावांनी न्हावी बोलावला. त्याच दिवशी माझे वडील बैलगाडी घेऊन आले. ते शांत माणूस होते. ओसरीवर बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "पोरीला नेतो. कुणी आडवं येऊ नये." आप्पाराव म्हणाले, "नेलीत तर या घरातलं काही मागायचं नाही." वडील म्हणाले, "नाही मागणार." तो शब्द आम्ही दोघांनी पाळला. वडिलांनी मला घरी शिकवले, मग हैदराबादेस नेऊन डॉक्टरी शिकवली, आणि त्यापायी आमच्याच जातीत त्यांचे पान वाढणे बंद झाले. हे घर मी डॉक्टरी करून, माझ्या कमाईतून घेतले. खरेदीखत माझ्या नावचे आहे व ते धोंडीरामाच्या ताब्यात दिले आहे. मी केजेचे काही नेले नाही. केजेने इथले काही नेऊ नये.

तिसरे कलम घर कुणाला, याचे. ते सांगण्याआधी बसऱ्याचे सांगावे लागेल, नाहीतर लोक म्हणतील की तापात बाई बरळली.

लढाई लागली तेव्हा इथल्या छावणीतले सवार समुद्रापार गेले. घायाळांना माणूस पुरत नाही असे कानावर आले, म्हणून मी मुंबईस अर्ज केला. उत्तर आले की फौजेत बाईमाणसाला डॉक्टर म्हणून घेत नाहीत, नर्स म्हणून यायचे तर यावे. मी गेले. बसऱ्यास खजुरीच्या बनात तंबू ठोकलेले होते. वरून नदीने नावा येत. त्यांच्या उघड्या फळ्यांवर माणसे उन्हात पडून आलेली असत. जखमेवर माशी बसली तर हाकलायचे त्राण नसे. पहिल्या दिवशी तिथल्या सर्जनाने मला पट्ट्या धुवायला लावले. मग नावा इतक्या आल्या की तोच म्हणाला, "बाई, तुम्हाला कापता येतं म्हणता ना? मग या टेबलाशी." त्या उन्हाळ्यात किती पाय कापले ते मी मोजले नाही. कागदावर मी शेवटपर्यंत नर्सच होते. माझ्या चितेवर, थडग्यावर किंवा सरकारी कागदावर कुठे नाव लिहायची वेळ आली तर त्यापुढे डॉक्टर लिहावे. मागणे एवढेच.

तिथे एका नावेवर एक सवार पडला होता. मी दुसऱ्या कुणाशी बोलताना त्याने माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "बाई, तुमी आंब्याच्या न्हाई का?" तो कासम होता, इथल्या छावणीमागच्या गल्लीतला; अंबाजोगाईला आम्ही इथले लोक आंबाच म्हणतो. त्याची मांडी सडली होती आणि सड वर पोटापर्यंत गेली होती. कापायला काही उरले नव्हते. त्यालाही ते कळले होते. तो म्हणाला, "माजी बायको हाय, सुरैया. तिचा बाप तिला कुनाच्याबी गळ्यात बांधील. तुमी परत जाल तवा तिला बघा." मी म्हणाले, "बघते." तो म्हणाला, "नुसतं बघू नका बाई. काईतरी शिकवा तिला." दुसऱ्या दिवशी तो गेला. मला फौजेकडून मिळालेला बिल्ला कासमच्या आईला द्यावा. तिच्या लेकाच्या नावाने काही आलेले नाही.

परत येऊन मी सुरैयाच्या घरी गेले. बाप म्हणाला, "बाई, बेवा पोरगी दवाखान्यात ठेवून मी बिरादरीला तोंड काय दाखवू?" मी म्हणाले, "माझ्या बापानं दाखवलं तेच दाखवा." त्याने पाठवली. तेव्हापासून ती इथे आहे. पट्ट्या धुणे, औषध मोजणे, नाडी पाहणे हे तिला येते. गेले काही दिवस मी आणि ती, अशा दोघीच या घरात उभ्या होतो. आता ती एकटी उभी आहे. म्हणून घर, मागचे शेत आणि विहीर मी सुरैया, मरहूम कासम सवाराची बायको, हिला देते. जात, धर्म, गोत काढून कुणी तंटा केला तर मुन्सिफ साहेबांनी हे कलम पुन्हा वाचावे.

चौथे. माझी शस्त्रे, मोजमापाची भांडी, औषधांचे कपाट आणि पुस्तके हैदराबादेस माझी वर्गसोबतीण डॉक्टर विमलबाई हिच्याकडे पाठवावीत. साथ उतरली की दवाखाना बंद करावा. सुरैयाने अजून एकटीने एकही बाळंतपण केलेले नाही. तिचा हात कापतो. डॉक्टर नसताना डॉक्टरची पाटी ठेवणे ही फसवणूक होईल. हे सांगताना मला फार जड जाते आहे. केजेपासून इथपर्यंत अडलेल्या बाईला दुसरे दार नाही, हे मला माहीत आहे. पण दार उघडे ठेवून आत कुणी नसले तर काय उपयोग?

पाचवे, लाकडाच्या वखारीवाल्या बबनरावांचे. त्यांच्या घरची तिन्ही बाळंतपणे मी केली. परवा सरणाला लाकडे मागायला माणूस पाठवला, तर ते म्हणाले की वखार घरच्यांसाठी राखली आहे. घरच्यांना अजून काही झालेले नाही. त्यांच्यावर माझा राग आहे. तो मी कुणाला देत नाही, पण सोडतही नाही.

(इथे लिहिणे थांबले. दुपार टळल्यावर बाईंनी पुन्हा सांगायला सुरुवात केली. धोंडीराम.)

मध्ये जे झाले ते कागदावर आले पाहिजे, कारण त्यावरून वरचे कलम बदलते आहे.

आत माजघरात छबुबाई नावाची बाई आहे. तिचा नवरा आश्रुबा तिला केजेकडच्या खेड्यातून तापातच गाडीत घालून घेऊन आला होता. दिवस भरले नव्हते. या तापात पोटुशी बाई सापडली की कळा आधीच लागतात आणि बहुतेक आई-मूल दोघेही जातात. तिला कळा लागल्या तशी सुरैया माझ्या खाटेशी आली. म्हणाली, "बाई, माज्यानं न्हाई व्हायचं. तुमी उठा."

मी उठायला गेले आणि खाली पडले. तिने मला उचलून परत खाटेवर ठेवले. मी म्हणाले, "खाट तिकडं ओढ. मी सांगते, तू कर."

तिने खाट ओढली. मी सांगत गेले, ती करत गेली. मूल आले, पण रडले नाही. तिने त्याला उलटे धरले, चोळले, तोंडात फुंकर घातली. मी म्हणाले, "ठेव ते. आईकडं बघ." कारण मला खाटेवरून रक्त दिसत होते आणि ते थांबत नव्हते. "कपाटातली काळी बाटली," एवढे मी म्हणाले आणि मला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. तोंडातून शब्द निघेना. मी हाताने खूण करू लागले, पण सुरैया माझ्याकडे पाहतच नव्हती.

तिने त्या बाटलीतले रक्त थांबवायचे औषध छबुबाईला पाजले. मग मूठ आत घातली, दुसरा हात पोटावर ठेवला आणि दोन्हींच्या मध्ये गर्भाशय दाबून धरले. हे मी तिला एकदाच, बोलता बोलता सांगितले होते. तिचा हात मी पाहत होते. तो कापत नव्हता. छबुबाई ओरडली तेव्हा ती म्हणाली, "वरड, बाई, वरड. पर मी सोडनार न्हाई." रक्त थांबेपर्यंत तिने सोडले नाही. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मी तिला बसू दिले.

छबुबाई जिवंत आहे. ताप आहे, राहील की नाही सांगता येत नाही. पण आज रक्त जाऊन मरायची होती, ती मेली नाही. माझ्याशिवाय वाचली.

म्हणून चौथे कलम मी रद्द करते. धोंडीरामाने त्यावर आडवी रेघ मारावी, पण वाचता येईल अशी ठेवावी. शस्त्रे, भांडी, कपाट आणि पुस्तके सुरैयाची. दवाखाना बंद करू नये. विमलबाईला माझे हात जोडून मागणे आहे की साथ उतरल्यावर तिने सुरैयाला हैदराबादेस नेऊन रीतसर शिकवावे. इंग्रजी येत नाही म्हणून कुणी नाही म्हणाले तर विमलला सांगावे की आपल्या दोघींनाही येत नव्हते. शिकून ती इथेच परत यावी. येणार नसेल तर मी तिला बांधून ठेवू शकत नाही, तेव्हा हे केवळ मागणे समजावे, अट नाही.

सुरैयाला वाटते मी उद्यापर्यंत बरी होईन. तिला हे आत्ता वाचून दाखवू नये. तिला रात्रभर माणसांना पाणी पाजायचे आहे.

शेवटचे माझ्या देहाचे. गावात सरणाला लाकूड उरलेले नाही, आणि खांदा द्यायला कुणाला बोलवावे असे या दिवसांत मला वाटत नाही. मागच्या शेतात ज्यांना कुणी न्यायला आले नाही अशा माणसांना आम्ही पुरले आहे. त्यांच्याच ओळीत मला पुरावे. माझ्या वडिलांना हे दुखले असते, हे मला ठाऊक आहे. पण लाकूड कुठून मिळालेच, तर त्यावर पेजेचे पाणी तापवावे. मंत्र म्हणणारा कुणी आला तर त्याला उंबऱ्याबाहेरून म्हणू द्यावे.

मला अजून सांगायचे होते, पण श्वास पुरत नाही.

मला हे सर्व वाचून दाखवले. ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. सही माझ्या हातची आहे, वाकडी आली असली तरी.

डॉक्टर केसरबाई

ठिकाण अंबाजोगाई, दवाखाना. आश्विन वद्य अष्टमी, शके १८४०. माहे आजूर, सन १३२८ फसली.

साक्षीदार पहिला: जमील, फळविक्या, राहणार इथलाच. साथ लागल्यापासून रोज सीताफळे उंबऱ्यावर ठेवून जातो. गावातल्या तिघा प्रतिष्ठित गृहस्थांनी साक्षीला यायचे नाकारल्यावर हा आपण होऊन आला. सही उर्दूत केली.

साक्षीदार दुसरा: आश्रुबा, शेतकरी, केज तालुक्यातला, छबुबाईचा नवरा. साक्षीचे विचारले तेव्हा हा मागच्या शेतात होता. येऊन मला म्हणाला, "अर्जनवीस, माजी बायको हाय ना अजून?" मी म्हणालो, "हाय." तो म्हणाला, "मग कुठं लावायचा अंगठा?" मूल पुरून आल्यामुळे हाताला माती होती. विहिरीवर जाऊन हात धुऊन आला आणि अंगठा केला.

लेखन केले: धोंडीराम, अर्जनवीस.