शनिवारचा वर्ग

बाई, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. मीही आता तुमच्यासारखीच शिकवते, धानोऱ्याकडच्या एका निवासी शाळेत. आठवीत चार मुली होत्या. लहान मुलींना दमात घ्यायच्या, त्यांच्या पेट्यांतलं सामान काढून घ्यायच्या. त्यांच्यासाठी दर शनिवारी दुपारी वेगळा वर्ग घ्यावा, हे मीच सुचवलं. त्यांच्याच वर्गातल्या आणखी एकीला मी त्यात बसवलं. तिनं फक्त एकदा कुणाचा तरी पेन उचलला होता. वेळीच आवरेल, असं मला वाटलं. "काय चुकलं ते सांगा," मी म्हणायची. एकजण सांगायची, बाकीच्या तोंडावर हात धरून हसायच्या. पेनवाली पहिल्या शनिवारी रडली. तिसऱ्या शनिवारी तिनं न केलेली चोरी रंगवून सांगितली, आणि त्या चौघींनी सरकून तिला मध्ये जागा दिली. मी ते पाहिलं. म्हटलं, चला, पोरगी मोकळी झाली. दिवाळीनंतर पाचजणींनी मिळून सहावीतल्या एका मुलीला सामानाच्या खोलीत कोंडलं. कडी पेनवालीनं लावली. ती लहानगी घाबरून खिडकीतून उडी मारायला गेली आणि तिचा हात मोडला.

त्या दिवसापासून मला तुमचं स्वयंपाकघर आठवतं. मी सहावीत होते, दोन मैत्रिणींच्या नादानं एका मुलीच्या दप्तरात शेण भरलं होतं. तुम्ही आम्हा तिघींना एकत्र उभं केलं नाही. मला एकटीला घरी नेलं, पुढ्यात सुपात तांदूळ ओतून ठेवले आणि खडे निवडायला लावले. बऱ्याच वेळानं तुम्ही विचारता, "तुले त्या पोरीचा राग होता काय?" मी नाई म्हणते. "मंग काऊन केलं?" मी आणखी एक खडा वेचून बाजूला ठेवते. तुम्ही वाट पाहत बसल्या आहात, चुलीवर भात शिजतो आहे. शेवटी म्हणता, "उद्यापासून माह्या टेबलाजवळ बस." टेबल माझ्याकडेही आहे, बाई. पण या पोरी एकाच पंगतीत जेवतात, एकाच हॉलमध्ये झोपतात. कुणाला कुणापासून किती दूर ठेवू?

पेनवालीची आई तिला कायमची न्यायला आली. "माह्या पोरीनं एक पेन घेतला होता, बाई. तुमी तिले कोनासंग बसवलं?" मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. पोरगी पेटी घेऊन फाटकाबाहेर पडली, तेव्हा त्या चौघी व्हरांड्यातून हात हलवत होत्या. ती त्यांच्याकडे बघून रडत होती, माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

अहवाल मलाच लिहायचा होता. कारणाच्या रकान्यात मी 'वाईट संगत' असं लिहिलं. ती संगत मी जुळवून दिली, हे लिहिलं नाही. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून इथे लिहिते आहे. तुम्ही असता, तर तुमच्यापासूनही लपवलं असतं.